डब्यावरची तिथी

आश्विन पौर्णिमेला आयंबिलाची ओळी पूर्ण होते. शुद्ध सप्तमीपासून नऊ दिवस ज्या चुलीवर तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर यांविना अन्न रांधले गेले, त्याच चुलीवर पंधरवड्याच्या आत कढई चढते. पारणे झाले की घरातील स्त्रिया फराळाची यादी करायला बसतात. त्याच सुमारास पेढीवरही मोजदाद चाललेली असते. हल्ली आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असले, तरी वहीपूजनापूर्वी येणे किती, देणे किती, गोदामात माल किती हे एकदा पाहून घेण्याची रीत अनेक व्यापारी कुटुंबांनी सोडलेली नाही. पेढीवर मालाचा हिशेब आणि घरात डाळ-पिठाचा, असे दोन हिशेब एकाच छपराखाली होतात.

"आई, यंदा चिवडा दोन किलोंचा करू या का?" असे सून विचारते.

"दोन किलो कोण आणि केव्हा खाणार ते आधी सांग, मग पोहे आण," असे सासूबाई म्हणतात.

ऐकणाऱ्याला हे उत्तर काटकसरीचे वाटेल. वास्तविक त्यामागे जैन स्वयंपाकघराची एक जुनी शिस्त आहे. इतर घरांत फराळाविषयी विचारला जाणारा प्रश्न असतो, "किती दिवस टिकेल?" जैन घरातला प्रश्न वेगळा आहे: "किती दिवसांत संपवायचे?"

उपवास आणि फराळ एकाच घरी

जैनांची दीपावली मुळात भगवान महावीरांच्या निर्वाणाची रात्र आहे. पावापुरी येथे आश्विन अमावास्येला भगवंतांचे निर्वाण झाले. त्या रात्री काशी-कोसल देशांतील ९ मल्ल आणि ९ लिच्छवी अशा १८ गणराजांनी, ज्ञानाचा प्रकाश लोपला म्हणून दीप उजळले, असे कल्पसूत्रात सांगितले आहे. म्हणून कित्येक श्वेतांबर घरांत चतुर्दशी-अमावास्येचा छठ केला जातो. दिगंबर मंदिरांत अमावास्येच्या पहाटे निर्वाणलाडू अर्पण होतो. दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, गौतमस्वामींच्या केवलज्ञानाचे स्मरण करून नवे वीर निर्वाण संवत सुरू होते.

त्यामुळे या घरांतील दिवाळीत त्याग आणि आतिथ्य शेजारी शेजारी नांदतात. जी स्त्री चार दिवस कढईसमोर उभी राहून चकल्या तळते, तीच पुष्कळदा ऐन दिवाळीत उपवासाला असते. फराळ तिच्या जिभेसाठी नसतोच. तो पाडव्याला भेटायला येणाऱ्यांसाठी, भाऊबीजेच्या भावासाठी, पेढीवरच्या माणसांसाठी आणि ज्ञानपंचमीपर्यंत घरी येणाऱ्या आप्तांसाठी असतो.

पंधरा दिवसांचा हिशेब

श्वेतांबर परंपरेत मिठाई, खाकरे, शेव यांसारख्या कोरड्या पदार्थांना ऋतूनुसार काळ ठरवून दिलेला आहे. आषाढ चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत, म्हणजे पावसाळ्यात, १५ दिवस. कार्तिकीपासून फाल्गुन चौमासीपर्यंत, म्हणजे हिवाळ्यात, ३० दिवस. आणि उन्हाळ्यात २० दिवस. केल्याचा दिवस हा पहिला दिवस धरतात. काळ उलटला की पदार्थ अभक्ष्य ठरतो. काळ उलटण्यापूर्वीही वर्ण, गंध, रस किंवा स्पर्श बदलला, तर तो त्याच दिवशी वर्ज्य होतो. दिगंबर परंपरेत शोधाच्या भोजनासाठी पिठाची मर्यादा याहून कडक आहे: हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. संप्रदाय आणि गच्छ यांप्रमाणे तपशिलात फरक पडतो. म्हणून घरोघरी आपापल्या गुरुमहाराजांनी सांगितलेली मर्यादा पाळली जाते.

यातला महत्त्वाचा भाग असा की दिवाळी चातुर्मासात येते. बाहेर थंडीची चाहूल लागलेली असली, तरी नियम पावसाळ्याचाच लागू असतो. धनत्रयोदशीला तळलेल्या शेवेचा पंधरावा दिवस साधारणपणे कार्तिक शुद्ध द्वादशीला येतो. तीच शेव आठ दिवस आधी, पंचमीच्या सुमारास केली, तर भाऊबीज झाल्यावर दोन-तीन दिवसांतच डबा रिकामा व्हावा लागतो. म्हणून जाणत्या घरांत फराळाची घाई करीत नाहीत. कोरडे जिन्नस भाजून, निवडून ठेवायचे. पण दळण आणि तळण शक्य तितके दिवाळीला चिकटून करायचे, अशी त्यांची पद्धत असते. चकलीची भाजणी महिनाभर आधी दळून ठेवण्याची सोय येथे नाही. ज्यांच्याकडे घरघंटी आहे, ते लागेल तेवढेच पीठ त्या त्या दिवशी दळतात.

कोरडेपणाची पारख

या मर्यादांचे मूळ जीवदयेत आहे. ओलावा राहिला की अन्नात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते आणि ते अन्न खाणे म्हणजे त्या जीवांची हिंसा, हा त्यामागचा विचार. अन्नशास्त्रही पदार्थाचे टिकणे मुख्यतः त्यातील पाण्याच्या अंशावरून ठरवते. पोळी, भात, वरण यांत पाणी अधिक, म्हणून ती त्याच दिवशीची. शेव-चकलीतले पाणी तळताना निघून जाते, म्हणून तिला अधिक दिवस मिळतात. कढईतील बुडबुडे थांबले म्हणजे पाणी संपले, हे तळणारीला कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक असते. चकली बाहेरून लाल आणि आतून मऊ राहिली, तर ती केवळ बिघडलेली चकली नसते. तिची तिथीही बिघडलेली असते.

बेसनाचा लाडू या दृष्टीने आदर्श पदार्थ. एक किलो बेसनाला सुमारे अर्धा किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखर. त्यात पाण्याचा थेंब नाही, पाक नाही. मंद आचेवर बेसन खमंग भाजायचे, तूप सुटू लागले की उतरवायचे आणि पूर्ण निवाल्यावरच साखर मिसळायची. गरम बेसनात साखर घातली की ती विरघळते आणि लाडू बसतात. घाईत केलेल्या लाडवाची ही खूण चार दिवसांत कळते. उलट रव्याचा लाडू पाकातला असेल, तर पाक नेमका साधलेला हवा. ओल्या नारळाचा लाडू तर साठवणीत धरायचाच नाही.

शंकरपाळ्यांचे प्रमाण बहुतेक घरांत तोंडपाठ असते: तूप, दूध आणि साखर प्रत्येकी एक वाटी, आणि त्यात मावेल तेवढा मैदा. दूध आहे म्हणून त्या जाड लाटायच्या नाहीत आणि मोठ्या आचेवर तळायच्या नाहीत. आतपर्यंत खुसखुशीत झाल्या तरच त्या डब्यात जातात. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ आणि धने-जिरे. धान्य निवडून, भाजून, निववून मगच ते घंटीत पडते. निवडण्यात वेळ जातो खरा. पण जयणा म्हणतात ती हीच. पीठ चाळणे, पाणी गाळणे, कढईवर काही पडू नये म्हणून जाळी ठेवणे, ही या स्वयंपाकाची अर्धी कृती आहे. आणि सारे दिवसाउजेडी. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्य मावळतीला आला की चूल थंडावते, मग दोन घाणे उरलेले का असेनात.

पाककृतीतील नकार

महाराष्ट्रात कित्येक पिढ्या राहिलेल्या जैन कुटुंबांनी येथील फराळ मनापासून आपलासा केला. परंतु निवड करून. चिवड्यातला लसूण गेला आणि त्याच्या जागी हिंग, बडीशेप, तीळ, कढीपत्ता आले. बटाट्याच्या सळ्यांचा चिवडा केलाच नाही. मक्याचे किंवा साधे पातळ पोहे पुरेसे झाले. ओले आले आणि ओली हळद कंदमुळांत मोडतात, म्हणून सुंठ आणि वाळलेली हळद वापरात राहिली.

अनारसा हा महाराष्ट्राच्या दिवाळीचा मानकरी. पण त्यासाठी तांदूळ तीन दिवस भिजवून ठेवावे लागतात, आणि रात्र उलटलेला भिजवलेला जिन्नस नियमात बसत नाही. आंबवलेल्या पिठाच्या जिलेबीचेही तेच. काही घरांत भाजणी भिजवताना दही घालतात. जैन घरात ते चालत नाही, कारण कच्चे दही आणि डाळीचे पीठ एकत्र आले की द्विदलाचा दोष लागतो. तेथे कडकडीत तेलाचे मोहन आणि गरम पाणी यांवर खुसखुशीतपणा साधला जातो. मिठाईवर चांदीचा वर्खही कित्येक घरे लावत नाहीत. परंपरेने तो जनावरांच्या आतड्यांच्या थरांत ठेवून कुटला जात असे, हे त्यामागचे कारण. यांतील प्रत्येक नकाराने स्त्रियांना एक नवी युक्ती शोधायला लावली, आणि त्या युक्त्यांतूनच जैन फराळाची स्वतंत्र चव घडली.

विकतचा डबा

आज परिस्थिती बदलली आहे. सून पेढीवर बसते, दुकान सांभाळते, नोकरी करते; दिवाळीचे दिवस तर व्यापाराचे ऐन हंगामाचे. एकत्र कुटुंबात पाच जणींत वाटले जाणारे काम आता एकीवर येते. अशा वेळी तयार फराळ आणणे हा आळस नव्हे, नाइलाज असतो. तिला दोष देणे सोपे आहे. तिच्यासोबत रविवारी दुपारी सोऱ्या फिरवायला बसणे अधिक उपयोगाचे.

तरीही विकतच्या डब्याविषयी एक प्रश्न उरतो. "जैन" अशी चिठ्ठी लावलेल्या पाकिटात कांदा-लसूण नसेल. पण पीठ केव्हा दळले, दही पडले का, पदार्थ कोणत्या दिवशी तळला, हे त्यावरून नेहमी कळतेच असे नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या थाळीपुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे दुकानदारांना बंधनकारक केले. ग्राहकाच्या आरोग्यासाठी जी तारीख आज थाळीपुढे लिहावी लागते, ती जैन गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या डब्यासाठी मनात मोजत आली आहे. फरक एवढाच की दुकानातील तारीख पदार्थ कुठवर तग धरेल ते सांगते, तर घरातील तिथी आपण कुठवर तो खावा ते सांगते. हवाबंद डबा आणि शीतकपाट यांनी पहिली तारीख पुढे जाईल. दुसरी जात नाही.

घरचा फराळ बंद झाला, तर चवीचे नुकसान भरून निघेल. उत्तम कारागीर सर्वत्र आहेत. भरून न निघणारे नुकसान या मोजणीचे आहे. डबा विकत आला की तो कधी केला हे विचारण्याची सवय जाते, आणि पुढच्या पिढीला नियम केवळ "हे खायचे नाही" एवढ्या नकारात उरतो. कारण न सांगता हाती आलेला नकार फार काळ टिकत नाही.

घरची वही

यावर उपाय मोठा नाही. पाच पदार्थांऐवजी दोन घरी करावेत, आणि तेही थोडे. चार घरांनी मिळून एकाने चकली, दुसऱ्याने लाडू असे वाटून घेतले, तर प्रत्येकीचे काम हलके होते आणि कुणाच्याच डब्यात पंधराव्या दिवसानंतर काही उरत नाही. उरणार असे दिसले, तर ते शेवटच्या दिवशी नव्हे, ताजे असतानाच पेढीवरच्या हमालांना, पहारेकऱ्याला, घरकाम करणाऱ्या बाईंना द्यावे. आपल्याला अभक्ष्य झाले म्हणून दुसऱ्याला देणे हे दान नव्हे.

आणि एक वही असावी. व्यापारी घरात वहीचे मोल कुणाला सांगावे लागत नाही. कोणत्या तिथीला काय केले, किती केले, केव्हा संपले, काय उरले, एवढ्या चार रकान्यांची नोंद पुरे. पुढच्या वर्षी दोन किलो पोहे आणायचे की एक, हे ती वहीच सांगेल. शेजारी आजींच्या तोंडून ऐकलेले प्रमाण आणि त्यामागचे कारणही लिहून ठेवावे. कारण तोंडपाठ असलेली प्रमाणे माणसाबरोबरच जातात. डब्याच्या झाकणावर कागदाची पट्टी लावून तिथी लिहिण्याचे काम घरातील मुलांना द्यावे. आठ-दहा वर्षांचे मूल बोटांवर पंधरा दिवस मोजून द्वादशीपाशी थांबते, तेव्हा त्याला चातुर्मास, कालमर्यादा आणि जीवदया हे तिन्ही विषय एकाच वेळी समजलेले असतात.

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो. शत्रुंजयाची चार महिने थांबलेली यात्रा पुन्हा सुरू होते, साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. त्या दिवशी स्वयंपाकघरातील फराळाचे डबे घासून, पुसून, उन्हात पालथे घातलेले असावेत. वर्षाची वही बरोबर जुळली की व्यापाऱ्याला जे समाधान लाभते, तेच समाधान त्या रिकाम्या डब्यांकडे पाहताना गृहिणीला लाभते: जेवढे केले, तेवढे खाल्ले, वाटले आणि वेळेत संपले.