जांभळाचा डाग आणि डबीतलं चूर्ण

मृगाच्या आसपास परभणीत जांभळाच्या पाट्या लागतात आणि पाठोपाठ ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ छापाच्या बातम्या. पालघरच्या बहाडोली जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर चूर्णाच्या डबीलाही भाव आलाय.

त्या डबीआधी रुमाल बघा. जांभळाच्या डागावर लिंबू पिळलं की तो लालसर होतो, साबण लावला की निळसर. हा रंग अँथोसायनिनचा. आम्ल-अल्कलीप्रमाणे तो पालटतो.

झाड हा रंग आपल्यासाठी करत नाही. परभणीचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं सोसलंय, त्याला हे पटकन उमजेल. ऊन अती झालं की पेशीत ऑक्सिजनचे उपद्व्यापी रेणू वाढतात आणि पेशीचं पटल, डीएनए कुरतडायला लागतात. झाडाला सावलीला पळता येत नाही, मग ते रंगाची छत्री धरतं. पाखरांना आवतण त्याच रंगातून जातं, ते वेगळंच.

ही छत्री खाऊन आपल्या पेशी वाचतात का? परीक्षानळीत रस झकास काम करतो. पोटात गेल्यावर मात्र अँथोसायनिनचा फारच थोडा भाग मूळ रूपात रक्तात उतरतो. उरलेला आतड्यातले जिवाणू फोडतात. म्हणून अभ्यासकांचा रोख आता दुसरीकडे आहे: ही द्रव्यं पेशीला हलका चिमटा काढतात, त्यानं एनआरएफ-2 नावाचं प्रथिन जागं होतं आणि पेशी स्वतःचीच संरक्षक विकरं वाढवते. तालमीत अंग दुखल्याशिवाय बळ येत नाही, तसंच काहीसं. माणसांत याचा पुरावा अजून तुटपुंजा आहे.

डबीवाल्यांना हे नको असतं. त्यांना आकडा हवा. कोणत्या पदार्थाची अँटिऑक्सिडंट ताकद किती, याची यादी अमेरिकी कृषी खात्यानं 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण ती जाहिरातींतच जास्त वापरली जात होती. त्याआधी 1994 मध्ये फिनलंडमधल्या 29 हजार धूम्रपान करणाऱ्यांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला दिसला होता.

आमच्या कृषी विद्यापीठाची 2018 ची ‘परभणी शक्ती’ ज्वारी मला म्हणूनच आवडते: लोह आणि जस्त वाढवलेत ते थेट दाण्यात, भाकरीत. जांभूळही तसंच खावं, मिठाची चिमूट लावून, सालीसकट. जीभ दोन तास जांभळी राहते, एवढंच.