एका दिवसासाठी आठ वर्षांची मजुरी

इ.स.पू. 402च्या सुमारास अथेन्समधल्या एका धनवान नागरिकाने न्यायालयात आपल्या खर्चाचा पाढा वाचला. लिसियसने लिहून दिलेलं ते भाषण आजही उपलब्ध आहे. शोकांतिकेत नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचा एक वृंद उभा करायला त्याला 3,000 द्राख्मा लागले होते. त्या काळी कसबी कारागिराची दिवसाची मजुरी होती साधारण एक द्राख्मा. म्हणजे एकही सुट्टी न घेता आठ वर्षं राबावं, तेव्हा एका वृंदाचा खर्च निघणार. आणि हे सगळं उत्सवातल्या एका दिवसासाठी!

हा उत्सव डायोनिसस देवाचा, वसंताच्या तोंडावरचा. तीन नाटककारांची स्पर्धा लागायची. प्रत्येकाने तीन शोकांतिका आणि वर एक रांगडं सॅटिर-नाटक द्यायचं. चारही प्रयोग एकाच दिवशी, उघड्यावर, सूर्यप्रकाशात. वृंदात आधी बारा जण असत, सोफोक्लिसने पंधरा केले. तेच पंधरा जण सकाळी म्हाताऱ्यांचा जमाव होत, तर पुढच्या नाटकात बंदिवान बायका. बोलणारे नट फक्त तीन. राजा, राणी, दूत, आंधळा द्रष्टा, सगळ्या भूमिका हे तीन पुरुष मुखवटे बदलून निभावत.

याच उत्सवात वृंदगानाचीही स्पर्धा असे. अथेन्सचे नागरिक दहा गणांत विभागलेले होते. प्रत्येक गणाचे पन्नास पुरुष आणि पन्नास मुलं गायला उतरत. एका शहरातून दरवर्षी एक हजार गायक! समोर बसलेल्या प्रेक्षकांत कितीतरी जण स्वतः कधीतरी तिथे नाचले-गायले असणार. अशा जाणत्यांपुढे नाटक उभं करणं सोपं नव्हतं, आणि शोकांतिकेच्या उंचीचं मोठं श्रेय मी या प्रेक्षकांना देतो.

आता ढोबळ हिशेब करा. वर्षाला नऊ शोकांतिका, शंभर वर्षं, म्हणजे या एकाच उत्सवात सुमारे नऊशे. आज हाती पूर्ण उरल्यात बत्तीस. सोफोक्लिसने 120हून अधिक नाटकं लिहिली, त्यातली सात राहिली. इस्किलसच्या नावावरही सातच. युरिपिडीसची एकोणीस आहेत (त्यातलं एक सॅटिर-नाटक), पण त्यांतली नऊ वाचली ती निव्वळ योगायोगाने: वर्णानुक्रमे लावलेल्या त्याच्या संग्रहाचा मधलाच एक भाग टिकला, म्हणून.

पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणलेलं सोफोक्लिसचं नाटक स्पर्धेत पहिलं आलं नव्हतं. तेव्हा जिंकला इस्किलसचा भाचा फिलोक्लिस. त्याने शंभर नाटकं लिहिल्याची नोंद आहे. आज त्यातलं एकही पूर्ण नाटक शिल्लक नाही.

पुढे इजिप्तच्या टॉलेमी राजाने इस्किलस, सोफोक्लिस आणि युरिपिडीस या तिघांच्या अधिकृत प्रती अथेन्सकडून नकलून घ्यायला मागवल्या, तारण म्हणून 15 टॅलेंट ठेवले आणि मूळ प्रती स्वतःकडेच ठेवून अथेन्सला नकला धाडल्या, असं प्राचीन वैद्य गॅलेन सांगतो. बुडालेलं ते तारण होतं 90,000 द्राख्मा, म्हणजे तसल्या तीस वृंदांचा खर्च. त्या प्रतीही आज नाहीत.

2022 साली इजिप्तमधल्याच फिलाडेल्फिया गावच्या प्राचीन दफनभूमीत पपायरसचा एक तुकडा सापडला. त्यावर युरिपिडीसच्या ‘इनो’ आणि ‘पॉलिइडोस’ या दोन हरवलेल्या नाटकांतल्या सुमारे शंभर ओळी आहेत. त्यातल्या बहुतेक ओळी आजच्या अभ्यासकांनी पहिल्यांदाच वाचल्या.