कापड घेताना पन्हा पाहावा

आपल्या समाजातील कित्येक भगिनी शिवणकामावर घर चालवितात. त्यांची मिळकत शिलाईइतकीच खरेदीवरही अवलंबून असते. म्हणून आम्ही येथे चार शब्द लिहीत आहो.

इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात काय, की राजवाड्याजवळच्या किरकोळ दुकानांत काय, भाव सांगतात तो मीटरचा. मीटर ही केवळ लांबी झाली. रुंदी, म्हणजे पन्हा, निरनिराळा असतो. समजा, ३६ इंची पन्ह्याचे कापड ९० रुपये मीटर आहे आणि तशाच प्रतीचे ४४ इंची १०० रुपये. पहिले स्वस्त वाटते. परंतु दुसऱ्यात कापड २२ टक्के अधिक मिळते व पैसे ११ टक्केच अधिक पडतात. अर्थात बेतणी नीट बसली तरच हा लाभ. एरवी कडेची पट्टी चिंध्यांत जाते. म्हणून कागदी खाका पन्ह्याच्या मापावर आधी मांडून पाहावा, मगच कापड फाडावयास सांगावे.

सुती अस्तर आटते. ते थोडे जास्त घ्यावे व भिजवून, वाळवून मगच बेतावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात ब्लाउज आवळतो आणि गिऱ्हाईक तुटते. रिळे, हुक, बटणे चौघींनी मिळून डब्याने घ्यावीत, असे आम्ही सुचवितो.

शिलाईचा दर पुष्कळदा गिऱ्हाईक ठरविते; खरेदी मात्र आपल्या हाती असते.