टपालातले खाते

विद्यार्थी मित्रांनो, सकाळच्या वेळी तुम्ही कधी पोस्टात गेला आहात का? खिडकीपुढे लांब रांग असते. कुणाला बचतीचे पैसे भरायचे असतात, कुणाला पत्र पाठवायचे असते. त्याच रांगेत हल्ली एखादी मुलगी किंवा एखादा तरुण मोठी पिशवी घेऊन उभा दिसतो. पिशवीत आठ-दहा पार्सले असतात. त्याची पाळी आली की मागचे लोक कुरकुर करू लागतात. प्रत्येक पार्सलचे वजन होते, पत्ता संगणकात घातला जातो, पैसे मोजले जातात, पावती मिळते. दहा पार्सलांना वेळ लागणारच!

हे लोक कोण असतात? ते घरबसल्या फोनवरून माल विकणारे छोटे विक्रेते असतात. त्यांच्यासाठी टपाल खात्याने एक सोय केली आहे. ती आज आपण समजून घेऊ या.

सुरुवातीलाच एका शब्दाची गंमत पाहा. मराठीत ‘खाते’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ‘टपाल खाते’ म्हणजे सरकारचा टपालाचा विभाग. आणि बँकेतले ‘खाते’ म्हणजे आपल्या नावाचा हिशेब. या पाठात दोन्ही अर्थ येणार आहेत. टपाल खात्यात व्यापाऱ्याला स्वतःचे खाते उघडता येते, हाच आपला विषय.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही मालेगावात राहता. तुमची आपा भरतकामाचे सुंदर दुपट्टे तयार करते. अम्मी तिला मदत करते. आपा फोनवर दुपट्ट्यांची चित्रे टाकते आणि नागपूर, हैदराबाद, सुरत अशा ठिकाणांहून मागणी येते. पूर्वी महिन्याला पाच-सहा दुपट्टे जात. आता साठ जातात. रोज रांगेत उभे राहायचे, तर भरतकाम कधी करायचे?

आपा टपालानेच का पाठवते? कारण पोस्ट सगळीकडे पोहोचते. आपल्या देशात दीड लाखाहून अधिक पोस्ट ऑफिसे आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत आहेत. शिवाय ही कल्पना नवी नाही. माल घरी पोहोचवून त्याची किंमत ग्राहकाकडून वसूल करणारी ‘व्ही. पी.’ ही सेवा आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली. दूरच्या वाचकांनी तिच्याद्वारे कितीतरी पुस्तके मागवली. १ ऑगस्ट १९८६ रोजी स्पीड पोस्ट सुरू झाले आणि टपालाचा वेग वाढला. आज फोनवरून विकला जाणारा माल याच वाटेने जातो.

नियमित पार्सले पाठवणाऱ्याला टपाल खात्याशी करार करता येतो. त्यासाठी मोठ्या पोस्ट ऑफिसात अर्ज करावा लागतो. अर्जासोबत ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, पॅन आणि बँकेच्या खात्याची माहिती द्यावी लागते. करार झाला की ग्राहक क्रमांक मिळतो. हे खाते दोन प्रकारचे असू शकते. पहिल्या प्रकारात पैसे आधी जमा करायचे. जसजशी पार्सले जातील, तसतसे त्यातून पैसे कापले जातात. दुसऱ्या प्रकाराला ‘बुक नाऊ, पे लेटर’ म्हणतात, म्हणजे ‘आज पाठवा, पैसे नंतर भरा’. यात महिनाभर पार्सले पाठवायची आणि महिन्याचे बिल एकदम भरायचे. अर्थात, अशा सवलतीसाठी टपाल खाते अनामत रक्कम किंवा बँकेची हमी मागते. महिन्याचे काम मोठे असेल, तर दरात सूटही मिळते. नियम आणि दर वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी पोस्टात नीट चौकशी करावी.

खाते उघडल्यावर काम कसे चालते? आपा रात्री दुसऱ्या दिवशीच्या पार्सलांची यादी तयार करते. यादीत ग्राहकाचे नाव, पत्ता, पिनकोड, फोन नंबर आणि वजन असते. प्रत्येक पार्सलवर पत्त्याची आणि बारकोडची चिठ्ठी चिकटवते. सकाळी ती पार्सले आणि यादी एकदम पोस्टात देते. एकेका पार्सलचे पैसे मोजायचे नाहीत, सुट्ट्या पैशांची ओढाताण नाही. पार्सले पुरेशी असतील, तर ती नेण्यासाठी पोस्टाचा माणूस घरी किंवा दुकानात येण्याचीही सोय असते.

बारकोडखालचा क्रमांक नीट पाहा. त्यात आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी भारताची खूण असलेली दोन अक्षरे असतात. नऊ अंकांपैकी शेवटचा अंक पहिल्या आठ अंकांवरून गणित करून काढलेला असतो. त्यामुळे क्रमांक लिहिताना एखादा अंक चुकला, तर संगणक ती चूक लगेच ओळखतो. हाच क्रमांक आपा ग्राहकाला कळवते. पार्सल कुठवर आले, हे ग्राहकाला घरबसल्या पाहता येते.

पण पिनकोड चुकला तर? येथे काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आला. ते टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या भाषांतले पत्ते यांमुळे पत्रांचा घोटाळा होत असे. सहा अंकांनी तो दूर झाला. पिनकोडचा पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो. पहिल्या तीन अंकांवरून टपाल वाटपाचा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तीन अंकांवरून पोस्ट ऑफिस कळते. मोमिनपुरा नावाचा मोहल्ला मुंबईत आहे आणि नागपुरातही आहे. मुंबईचे पिनकोड ४०० ने सुरू होतात, तर नागपूर शहराचे ४४० ने. एक अंक इकडचा तिकडे झाला, की दुपट्टा राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाईल! म्हणून अम्मी प्रत्येक पत्ता मोठ्याने वाचते आणि आपा तो तपासते.

बांधणीकडेही लक्ष द्यावे लागते. दुपट्टा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, म्हणजे पावसात भिजत नाही. खोका गरजेपेक्षा मोठा घेऊ नये. पुष्कळ पार्सल सेवांमध्ये हलक्या पण मोठ्या खोक्याचे पैसे त्याच्या आकारावरून घेतात. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार करून त्याला साधारणपणे ५००० ने भागतात. येणारे उत्तर म्हणजे किलोमधले वजन धरतात. समजा, खोका ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि १० उंच आहे. गुणाकार ६००० झाला. ५००० ने भागल्यावर १.२ किलो आले. आतला दुपट्टा पाव किलोचाही नसेल, तरी वजन १.२ किलोचे धरले जाईल. आपण हवा पाठवू आणि तिचे पैसे भरू! स्फोटक किंवा पेट घेणारे पदार्थ तर टपालाने पाठवताच येत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. ‘पैसे नंतर भरा’ याचा अर्थ ‘पैसे भरू नका’ असा नाही. ही उधारी आहे. कसे ते हिशेबाने पाहू. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

एका दुपट्ट्याची किंमत ४५० रुपये. कापड आणि धाग्याचा खर्च २५० रुपये. पार्सलचा खर्च करासह ८० रुपये. खात्यामुळे ८ रुपये सूट मिळाली, म्हणजे ७२ रुपये झाले. उरले १२८ रुपये. ही आपाची आणि अम्मीची मेहनत. महिन्याला ६० पार्सले गेली, तर पोस्टाचे बिल ४३२० रुपये होईल आणि घरात ७६८० रुपये उरतील.

पण काही ग्राहक ‘माल हाती पडल्यावर पैसे देऊ’ असे सांगतात. टपाल खाते त्यांच्याकडून पैसे घेते आणि आपाच्या बँक खात्यात जमा करते. त्यांतले सहा जण दारात आलेले पार्सल नाकारतात. सहा दुपट्टे परत येतात. ते पुन्हा विकता येतील. पण ते पाठवण्याचा खर्च, म्हणजे ४३२ रुपये, परत येत नाहीत. बिल साठ पार्सलांचेच येते. म्हणून माल पाठवण्याआधी ग्राहकाला एक फोन करून खात्री करावी.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. समजा, रमजानचा महिना आहे. ईदसाठी मागणी वाढली आहे. बँक खात्यात रोज पैसे येत आहेत. आपाला वाटते, हे सारे आपलेच. ती भाईजानची कॉलेजची फी भरते, घरासाठी पंखा घेते. महिना संपतो आणि पोस्टाचे बिल येते. हाती पैसे नाहीत! मुदत टळली, तर उधारीची सोय बंद होऊ शकते. ईद चार दिवसांवर आली असताना बांधलेली पार्सले घरातच पडून राहतील. ज्या मुलीने ईदच्या दिवशी नवा दुपट्टा घ्यायचे ठरवले आहे, ती वाट पाहत राहील. पुढच्या वर्षी ती आपाकडे मागणी पाठवील का?

यावर उपाय सोपा आहे. आपाने एक वही करावी आणि एक डबा ठेवावा. प्रत्येक पार्सल गेले, की वहीत तारीख, क्रमांक आणि खर्च लिहावा. त्याच दिवशी ७२ रुपये डब्यात टाकावेत. ते पैसे आपले नाहीत, पोस्टाचे आहेत, हे घरातल्या सर्वांना माहीत असावे. महिनाअखेरीस बिल आले, की ते वहीशी ताडून पाहावे. चूक दिसली, तर पोस्टात दाखवावी. ज्याला एवढे जमणार नाही, त्याने आधी पैसे जमा करण्याचे खाते घ्यावे. आणि ज्याची महिन्याला चार-पाचच पार्सले जातात, त्याला रांगच बरी.

मित्रांनो, हिशेब, रक्कम, जमा, बाकी, करार, अर्ज, तारीख हे शब्द तुम्हांला परके वाटले का? मुळीच नाही. ते तुमच्या उर्दूतही आहेत. मराठी व्यापारी शेकडो वर्षे हेच शब्द आपल्या वहीत लिहीत आला आहे. भाषा वेगळ्या असल्या, तरी हिशेबाची भाषा एकच आहे. घेतलेली उधारी वेळेवर फेडणे, हाच तिचा पहिला नियम आहे.

स्वाध्याय

१. ‘खाते’ या शब्दाचे दोन अर्थ सांगा आणि प्रत्येकाचा एका वाक्यात उपयोग करा.

२. आपाने पार्सलचे ७२ रुपये वेगळ्या डब्यात का ठेवावेत?

३. एक खोका ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १० उंच आहे. पाठात सांगितलेल्या रीतीने त्याचे वजन किती धरले जाईल?

४. तुमच्या घरचा पत्ता पिनकोडसह मराठीत लिहा. शेजारच्या विद्यार्थ्याकडून तो तपासून घ्या.