उत्तरायुष्यातील पहिली मोटारसायकल

मुलांची शिक्षणे मार्गी लागल्यावर आणि संसाराचा भार काहीसा हलका झाल्यावर, मोटारसायकल शिकण्याची तारुण्यात अपुरी राहिलेली इच्छा ज्यांच्या मनात पुन्हा जागी होते, त्यांनी वयाचा संकोच बाळगण्याचे प्रयोजन नाही. कारण हे कौशल्य बाहुबलापेक्षा अवधानावर आणि अभ्यासावर अधिक अवलंबून असते. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. शिकाऊ परवान्याची मुदत ६ महिन्यांची असून पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते, आणि हा अवधी मोकळ्या पटांगणावरील सरावासाठीच लाभला आहे असे मानावे.

प्रारंभी क्लच सावकाश सोडताना गाडी नेमकी कोठे ओढ घेते, हे बोटांच्या अंगवळणी पाडावे. ब्रेक लावताच भार पुढल्या चाकावर सरकत असल्यामुळे पुढचा ब्रेकच अधिक प्रभावी ठरतो. मात्र तो झटक्याने न आवळता क्रमाक्रमाने दाबावा, आणि वळताना दृष्टी आपल्याला जायचे असेल तेथे ठेवावी.

गाडीची निगा हा या विद्येचा उत्तरार्ध होय. टायरमधील हवा ते थंड असताना तपासावी, इंजिन ऑइलची पातळी पाहावी, चेन स्वच्छ करून तिला वंगण द्यावे; चेन अतिताठ असेल तर बेअरिंग झिजतात, फार सैल असेल तर ती निसटते, म्हणून तिचा ताण गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसारच ठेवावा.

वाचकहो, शिकण्यास उशीर झाला तरी चालेल. हेल्मेटचा पट्टा बांधल्यावाचून मात्र गाडी सुरू करू नका.