मुलाच्या खिशातली थोटकं

सिनेमातल्या पात्राचं म्हणणं खरं होतं, हे सांगायला सिनेमाबाहेरचा खराखुरा माणूस साक्षीला यावा? एत्तोरे स्कोला यांच्या ‘चेरावामो तांतो आमाती’ (१९७४) या इटालियन चित्रपटात हे घडतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेले तीन मित्र. युद्ध संपतं आणि वाटा फुटतात. आंतोनियो रोमच्या इस्पितळात राबतो, जान्नी वकील होऊन पैसेवाल्या बिल्डरचा जावई होतो, निकोला गावाकडे मास्तरकी करतो. लुचाना या एकाच मुलीवर तिघांचाही जीव जडतो. गोष्ट म्हटली तर एवढीच. पण तीस वर्षांचा काळ स्कोला कसा पुढे नेतात, ते बघा. चौकात एक चित्रकार फरशीवर खडूने चित्र काढतोय. कृष्णधवल पडद्यावरच्या त्या चित्रात रंग उतरतात आणि तिथून पुढे सिनेमाच रंगीत होतो!

निकोलाचा जीव आणखी एका गोष्टीत अडकलाय: व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) या चित्रपटात. त्याची बाजू घेऊन भांडताना मास्तरकी जाते. पुढे टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत त्याला विचारतात, त्या चित्रपटाच्या शेवटी पोरगा का रडतो? निकोला सांगतो, चित्रीकरणात त्याला रडवायला दे सिकांनी गुपचूप त्याच्या खिशात सिगारेटची थोटकं टाकली आणि ‘थोटकं वेचतोस काय’ म्हणून हिणवलं, म्हणून! परीक्षकांना हवं असतं सरळ उत्तर: बाप चोरी करताना पकडला गेला म्हणून. निकोला हरतो. पुढे बऱ्याच वर्षांनी पडद्यावर खुद्द दे सिका येतात आणि लोकांना तोच थोटकांचा किस्सा सांगतात. दे सिका नोव्हेंबर १९७४ मध्ये वारले. स्कोलांनी हा चित्रपट त्यांनाच अर्पण केला.

‘बायसिकल थीव्ह्ज’ने झपाटलेली माणसं आपल्याकडेही होती. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात तो दाखवला गेला. तो पाहून भारावलेल्या बिमल रॉय यांनी ‘दो बिघा जमीन’ (१९५३) केला. निकोलाची नोकरी गेली; रॉय यांच्या चित्रपटाला मात्र १९५४ मध्ये कान महोत्सवात पारितोषिक मिळालं.

पाहायचं ठरवलंत, तर आधी दे सिकांचा पाहा, मग स्कोलांचा. क्रम उलटा केलात, तर तो पोरगा रडताना तुम्हाला त्याच्या खिशातली थोटकंच आठवत राहतील.