कर्करोगी रुग्णाचा ज्वर : धातुक्षय, व्याधिक्षमत्व व रक्तगत जंतुसंसर्ग

केमोथेरपी चालू असलेला रुग्ण ज्वर आला म्हणून प्रथम आपल्याच चिकित्सालयात अथवा औषधी दुकानात येतो, हा अनुभव बहुतेक वैद्यबंधूंना असेल. अशा वेळी ‘ज्वरात लंघन’ हा नियम सरसकट लावणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

कर्करोगात अरुची, अग्निमांद्य, मुखपाक व वमन यांमुळे आहार घटतो आणि व्याधिजन्य शोथामुळे मांसधातू झिजतो. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटणे ही धोक्याची खूण होय. प्रथिनांच्या अभावी थायमस ग्रंथी संकोचते, टी-लसिकापेशी कमी होतात. चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाची दोन अंगे सांगितली आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध आणि व्याध्युत्पत्तीस प्रतिबंध. येथे दोन्ही ढासळतात.

केमोथेरपीनंतर बहुधा ७ ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल पेशी नीचांक गाठतात. त्याच सुमारास आतड्याचे अंतस्तर क्षत होऊन तेथील ई. कोलाय, क्लेबसिएला आदी जंतू रक्तात शिरतात. शिरेत बसविलेली नळी हा दुसरा मार्ग. न्यूट्रोफिल प्रति घनमिलिमीटर ५०० च्या खाली गेल्यास पूय वा शोथ फारसा दिसत नाही. पुष्कळदा ज्वर हेच एकमेव लक्षण असते. स्टेरॉइड घेणाऱ्यात तोही दबतो; तेथे थंडी, ग्लानी, रक्तदाब उतरणे यांकडे लक्ष द्यावे.

तापमान एकदा १०१ अंश फॅरनहाइट अथवा तासभर १००.४ अंश आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तेथे पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविकाची पहिली मात्रा मिळणे इष्ट असते. दुकानदारांनी पॅरासिटामॉल वा ज्वरघ्न काढा देऊन घरी धाडू नये. ज्वर झाकला जातो, संसर्ग वाढतच राहतो. या काळात बस्ती व रक्तमोक्षण वर्ज्य समजावे. चरकांनीही क्षयजन्य ज्वर लंघनातून वगळला आहे, हे विसरू नये.

खरे कार्य मात्र ज्वरापूर्वीचे. प्रत्येक भेटीत वजन नोंदवावे. दररोज प्रतिकिलो २५ ते ३० कॅलरी व १ ते १.५ ग्रॅम प्रथिने हे सर्वसाधारण लक्ष्य. केवळ पेजेवर ते साधत नाही. उकळलेले दूध, मुगाचे घट्ट वरण, पूर्ण शिजविलेले अंडे थोडे थोडे, वारंवार द्यावे. आपले प्रत्येक औषध कर्करोगतज्ज्ञांस कळवावे. बल राखणे आणि वेळेवर पाठविणे, ही दोन्ही आम्ही चिकित्साच मानतो.